अर्धशक्तीचा हिशेब : याप्य व्याधी आणि नातवंडांचा सहवास

दीर्घकालीन व्याधी घेऊन चिकित्सालयात येणारा साठीपुढचा रुग्ण आपली तक्रार सांगताना गुडघा, कंबर, दम, साखर यांविषयी बोलतो. त्याला थोडा अधिक वेळ बोलू दिले, तर बोलणे बहुधा नातवंडांवर येऊन थांबते. 'नातीला कडेवर घेता येत नाही', 'नातू बागेत धावतो आणि मला बाकावर बसून राहावे लागते', 'सून कामावर जाते, बाळाला मीच पाहते, पण संध्याकाळी हात उचलत नाही' ही वाक्ये आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहेत. आपण ती ऐकतो, सहानुभूतीने मान हलवितो आणि 'विश्रांती घ्या, दगदग करू नका' असे सांगून औषधयोजनेकडे वळतो.

आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. 'दगदग करू नका' हा उपदेश घरी पाळला जात नाही आणि पाळला गेलाच, तर रुग्णाच्या आयुष्यातील उरलेला मोठा आनंद त्याच्याकडून काढून घेतो. नातवंडांचा सहवास हा चिकित्सेच्या बाहेरचा, केवळ कौटुंबिक विषय नसून पथ्यापथ्याइतकाच चिकित्सेचा विषय आहे. त्याला मात्रा आहे, काळ आहे, आणि तो वैद्याने औषधाप्रमाणेच योजून दिला पाहिजे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी आम्ही मुख्यत्वे आमवाताचे उदाहरण घेतले आहे. इतर व्याधींविषयी पुढे स्वतंत्र उल्लेख येईल.

याप्यत्वाचा अर्थ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात असाध्य व्याधींचे याप्य व अनुपक्रम असे दोन भाग केले आहेत. याप्य व्याधी आयुष्य शिल्लक असेपर्यंत सोबत राहतो. पथ्यसेवनाने रुग्णाला थोडे सुख लाभते. मात्र थोड्याशाही हेतूने तो पुन्हा उसळतो. सुश्रुताचार्यांनी याच अवस्थेसाठी कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू आहे तोवर घर उभे आहे आणि त्यात माणसे राहू शकतात, एवढे या उपमेतून आपण ध्यानी घ्यावे.

माधवकरांनी आमवात एका दोषाच्या अनुबंधाने असता साध्य, दोन दोषांचा असता याप्य, आणि सान्निपातिक, सर्व देहात संचार करणाऱ्या शोथाने युक्त असता कृच्छ्र म्हटला आहे. आधुनिक वैद्यकातील रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या विकाराशी आमवाताचे लक्षणसाम्य बरेच आहे. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. अर्थात आपल्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत आज्यांची संख्या मोठी असणार, हे उघड आहे.

चरकांच्या वर्णनातील 'थोडे सुख' आणि 'थोडा हेतू' या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. आपण रुग्णाला हेतूंची यादी तत्परतेने देतो. दही नको, उडीद नको, गार वारा नको, जागरण नको. परंतु जे थोडे सुख मिळवावयाचे ते कोणते, हे रुग्णाला विचारीत नाही. साठीपुढच्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्या सुखाचे नाव नातू किंवा नात हेच असते.

हर्ष, विषाद आणि आयास

चरकसंहितेच्या यज्जःपुरुषीय अध्यायात आपापल्या वर्गात अग्रस्थानी असलेल्या द्रव्यांची व भावांची जी प्रसिद्ध मालिका आहे, तीतील तीन भावांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तृप्ती देणाऱ्यांमध्ये हर्ष अग्रणी सांगितला आहे, रोग वाढविणाऱ्यांमध्ये विषाद, आणि सर्व अपथ्यांमध्ये आयास, म्हणजे अतिश्रम.

आमवाताने ग्रस्त असलेली आजी या तिहींच्या मध्ये उभी असते. नातवंडांत रमली तर हर्ष आहे, पण आयासाचे भय आहे. त्यांच्यापासून दूर बसविली तर आयास टळतो, पण विषाद येतो. जो वैद्य केवळ आयासाकडे पाहून निषेध करतो, तो नकळत विषादाला वाट करून देतो. जो 'मुलांत रमा, मन प्रसन्न ठेवा' एवढेच सांगतो, तो आयासाचे दार उघडतो. एकाच कृतीत हर्ष व आयास दोन्ही असतील, तर निर्णय मात्रेवर अवलंबून राहतो. मात्रेचा विचार हे तर आपल्या शास्त्राचे बलस्थान आहे.

अर्धशक्ती कशी मोजावी

व्यायामाच्या संदर्भात ग्रंथकारांनी अर्धशक्तीची मर्यादा घालून दिली आहे. तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे ही अर्धी शक्ती खर्च झाल्याची लक्षणे होत. येथे एक आक्षेप संभवतो. वाग्भटांनी अर्धशक्तीचा नियम बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासाठी सांगितला असून वातरोगी, वृद्ध व अजीर्णी यांस व्यायाम वर्ज्य म्हटला आहे. मग आमवाताच्या वृद्ध रुग्णास तो कसा लावावा? आक्षेप रास्त आहे. आम्ही येथे व्यायामाचे विधान करीत नाही. घरात लहान मूल असताना जे श्रम होणारच आहेत, त्यांची वरची मर्यादा कोणती, एवढाच प्रश्न आहे. अर्धशक्ती ही ती मर्यादा होय. तिच्या पुढे जाणे कोणत्याही दिवशी नको; तिच्या आत राहणे अधिक चांगले.

शक्ती मोजावयाची ती त्या दिवसाची. दहा वर्षांपूर्वीची नव्हे, आणि कालचीही नव्हे. जुनाट व्याधीच्या रुग्णांत एक क्रम वारंवार दिसतो. एखाद्या दिवशी सांधे हलके वाटतात. त्या दिवशी राहिलेली सर्व कामे काढली जातात, नातवाला बागेत नेले जाते, रात्री त्याच्या आवडीचा पदार्थ होतो. आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. घरच्यांना वाटते की व्याधी लहरी आहे. वस्तुतः चांगल्या दिवसाची सर्व शिल्लक एकाच दिवसात खर्च झालेली असते. म्हणून रुग्णाला बरे वाटणाऱ्या दिवशी अधिक जपून राहावयास सांगणे आवश्यक आहे. हा उपदेश त्याला प्रथम विचित्र वाटतो. दोन आठवड्यांत पटतो.

आमवातात घाम व श्वास या लक्षणांवर संपूर्ण विसंबता येत नाही, कारण सांधे त्याआधीच दुखावतात. त्यासाठी दोन व्यावहारिक कसोट्या आम्ही सुचवितो. पहिली अशी की, काम किंवा खेळ थांबविल्यानंतर दोन तासांनीही वेदना आधीपेक्षा अधिक राहिली, तर मात्रा ओलांडली. दुसरी अशी की, दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा नेहमीपेक्षा स्पष्टपणे अधिक वेळ टिकला, तर आदल्या दिवसाचा हिशेब चुकला. रुग्णाला पंधरा दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहावयास सांगाव्यात. नातवंडांबरोबर काय केले, किती वेळ केले, आणि दुसऱ्या सकाळी सांधे सुटावयास किती वेळ लागला. पंधरा दिवसांनी ही वही वैद्यास जे सांगते, ते कोणत्याही प्रश्नोत्तरातून मिळत नाही. दशविध परीक्षेत व्यायामशक्तीची परीक्षा कर्मशक्तीवरून करावी असे सांगितले आहेच. ही तिचीच घरगुती नोंद होय.

वेदनाशामक गोळ्यांविषयी येथेच सांगणे इष्ट. दिवाळीत किंवा मे महिन्यात मुले येणार म्हणून पुष्कळ रुग्ण स्वतःच्या मनाने जादा गोळ्या घेतात. वेदना दबते, त्यासोबत अर्धशक्तीची सूचनाही दबते, आणि रुग्ण मर्यादेच्या बराच पुढे जातो. वृद्धांमध्ये या गोळ्यांचा जठर व वृक्कांवर होणारा अपाय निराळाच. याउलट, 'आता काढा चालू आहे' म्हणून आधीची स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करणारे रुग्णही असतात. हे तर जिवावर बेतू शकते. दोन्ही गोष्टींची विचारपूस वैद्याने आवर्जून करावी.

दिवसाची आखणी

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सकाळचा ताठरपणा बहुधा तासाहून अधिक टिकतो. केवळ झिजेमुळे होणाऱ्या संधिगतवातात तो सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. आता घरातील मुलाचा दिवस पाहावा. डबा, गणवेश, वेणी, शाळेची बस ही सर्व धावपळ सकाळी सहा ते आठ या वेळेत असते. म्हणजे आजीचा सर्वांत वाईट काळ आणि घराचा सर्वांत गडबडीचा काळ एकच. त्यातून शाळा सुरू होतात जूनमध्ये, म्हणजे वर्षा ऋतूच्या तोंडावर. ग्रीष्मात संचय झालेला वात प्रकुपित होण्याचा हाच काळ. जून-जुलैत आमवाताचे रुग्ण का वाढतात याचा विचार करताना पावसाइतकाच शाळेच्या बसचाही विचार करावा.

यावर उपाय सोपा आहे, मात्र तो घरच्या मंडळींसमक्ष सांगावा लागतो. आजीचा वाटा सकाळवरून दुपारनंतर हलवावा. गणवेश, दप्तर, भाजीची निवड ही कामे आदल्या संध्याकाळी व्हावीत. वेणी व बटणे, ज्यांत बोटांच्या लहान सांध्यांवर ताण येतो, ती इतरांनी करावीत. रुग्णाचे वालुकास्वेदन मूल शाळेत असताना उरकावे. तापलेली वाळू, तवा, गरम पाण्याची पिशवी आणि दोन-तीन वर्षांचे मूल एका खोलीत असू नये, ही सूचना पोट्टली देतानाच द्यावी.

दुपारच्या झोपेविषयी तारतम्य हवे. आमावस्थेत दिवास्वाप टाळावा हे खरे. परंतु रात्रीची झोप तुटलेल्या, थकलेल्या वृद्ध रुग्णाला मूल शाळेतून येण्यापूर्वी काही विसावा लागतोच. अशा वेळी बसल्या बसल्या घेतलेली डुलकी उपयोगी पडते. ती रूक्षताही वाढवीत नाही आणि अभिष्यंदही करीत नाही, असे ग्रंथमत आहे. पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीत वीस-पंचवीस मिनिटे पुरेशी होतात.

सहवासाचा उत्तम काळ दुपारी साडेचार ते साडेसहा. तोवर सांधे सुटलेले असतात. हा वेळ रुग्णाने आधीपासून राखून ठेवावा; सकाळी भांडी घासण्यात शक्ती खर्च करून संध्याकाळी नातीसाठी काहीच न उरणे ही तक्रार बहुधा या आखणीच्या अभावातून येते. रात्री गोष्ट सांगण्यास हरकत नाही, परंतु मुलाचे अंथरुण निराळे असावे. रात्रभर लाथा खाऊन व पांघरूण सावरून झालेले जागरण वातरोग्याला सोसत नाही.

उचलणे, बसणे, खेळणे

वर्षाचे मूल साधारण ९ ते १० किलोचे असते, तीन वर्षांचे १४ किलोच्या आसपास. आजी जेव्हा 'जरा उचलते' असे म्हणते, तेव्हा एवढे वजन ती मनगट व बोटांनी उचलत असते. नियम असा सांगावा की, मुलाला आपल्याकडे उचलून घेण्याऐवजी आपण बसावे आणि मुलाला मांडीवर चढू द्यावे. दीड वर्षांनंतर बहुतेक मुले कोचावर आपण होऊन चढतात व त्यांना ते आवडतेही. तान्हे मूल हाती द्यावयाचे असेल, तर आधी आजीला हाताचा आधार असलेल्या खुर्चीत बसवून, मांडीवर उशी ठेवून, मग मूल द्यावे. भार कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर व उशीवर पडतो. बोटे मोकळी राहतात.

जमिनीवर बसण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. खेळ जमिनीवर मांडला जातो आणि आजोबांचे गुडघे तेथवर जात नाहीत. मग आजोबांना खाली नेण्यापेक्षा खेळ वर आणावा. उंच चौरंग किंवा टेबल मिळाले की सापशिडी, पत्ते, बुद्धिबळ, चित्रे रंगविणे सर्व जमते. सागरगोटे, भोवरा यांत बोटांची पकड व झटका लागतो. तेथे आजीने पंच व्हावे. बागेत जावयाचे असेल, तर जाण्यायेण्याचे अंतरही अर्धशक्तीत धरावे. पुष्कळ रुग्ण बागेपर्यंत पोहोचण्यातच शक्ती संपवितात. गोष्टी, कोडी, म्हणी, पाढे यांना तर सांध्यांची गरजच नाही, आणि त्यांत आजी-आजोबांशी स्पर्धा करील असे घरात दुसरे कोणी नसते.

घरकामातही वाटणी उलट करता येते. करण्याचे काम मुलाचे व सांगण्याचे आजीचे. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, मोदकाच्या कळ्या पाडणे ही कामे सात-आठ वर्षांचे मूल आनंदाने करते. कला पुढच्या पिढीकडे जाते, आणि आजीची बोटे वाचतात.

ताट आणि पथ्य

पथ्यभंगाचे एक मोठे कारण आपल्या प्रश्नावलीत क्वचितच येते. ते म्हणजे नातवंडांच्या ताटात उरलेले अन्न. 'टाकवत नाही' म्हणून आजी अर्धी पोळी, चार घास दहीभात, उरलेला शिरा संपवून टाकते. तिच्या लेखी हे जेवण नसतेच, त्यामुळे विचारल्यावरही ती सांगत नाही. आमवातात यामुळे दही, गूळ, उडीद पोटात जातात, आणि आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, म्हणजे अध्यशन, रोज घडते. मधुमेही आजोबांच्या बाबतीत वाढलेल्या साखरेचा उलगडा अनेकदा येथेच होतो. मुलाला थोडे वाढावे व लागेल तसे पुन्हा वाढावे, एवढ्या सूचनेने काम भागते.

रुग्णाला वेगळे पथ्याचे ताट देऊन एकटे बसविण्यापेक्षा दोघांनाही चालतील असे पदार्थ सुचवावेत. ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्यांचा चिवडा, मुगाचे कढण, भाताची पेज, भाजणीऐवजी मुगाचे धिरडे, आले-लसणाची फोडणी दिलेले वरण हे मुलेही आवडीने खातात. वाढदिवसाच्या केकचा एक घास घेतल्याने याप्य व्याधी उसळेल काय, असे रुग्ण विचारतो. आमचे उत्तर असे की, अग्नी बरा असताना, दिवसा, एकच घास, आणि पुढील जेवण हलके, या अटींवर त्याला होकार द्यावा. सरसकट नकाराने रुग्ण चोरून खातो व वैद्यापासून लपवितो.

पंचकर्म आणि सुट्ट्या

बस्तिचिकित्सेचे नियोजन करताना आपण ऋतू, अग्नी, बल पाहतो. घराचे पंचांगही पाहावे. बस्तीचा परिहारकाल बस्तीच्या दिवसांच्या दुप्पट सांगितला आहे. ८ दिवसांचा योगबस्ती दिला, तर पुढे १६ दिवस परिहार, म्हणजे एकूण २४ दिवस झाले. या काळात फार वेळ बसणे, उभे राहणे, फार बोलणे, प्रवास, दिवसा झोप, गारवा, ऊन, शोक, क्रोध व अवेळी भोजन वर्ज्य आहे. नातवंडे घरात असताना यांपैकी निम्म्याही गोष्टी पाळल्या जाणार नाहीत. म्हणून दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी योगबस्ती द्यावयाचा असेल, तर मुले येण्याच्या किमान २४ दिवस आधी आरंभ करावा. तेवढा अवधी नसेल, तर सुट्टी संपेपर्यंत शमनावर ठेवावे. परिहार मोडल्याने बस्तीचा गुण न आल्याचा दोष शास्त्रावर येतो, तो टळेल.

नातवंडाच्या जन्मासाठी परदेशी जाणाऱ्या रुग्णांनाही हाच विचार लागू होतो. लांबचा प्रवास, थंड हवा व तान्ह्या बाळामुळे होणारे जागरण हे तिन्ही वातकर हेतू एकदम येतात. अशा रुग्णाने निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर दोन महिने आधी भेटावे, असे आपण सांगून ठेवावे.

इतर याप्य व्याधी

प्रमेही रुग्ण इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर मुलामागे धावल्यानंतर साखर अकस्मात उतरू शकते. खिशात खडीसाखर असावी आणि मोठ्या नातवाला तिची जागा ठाऊक असावी. पायांची संवेदना कमी झालेल्या रुग्णाने घरातही पादत्राणे घालावीत, कारण जमिनीवरच्या खेळण्यांच्या टोकदार तुकड्यांनी झालेली जखम त्याला कळत नाही. तमक श्वासाच्या रुग्णाला केसाळ खेळणी, उशांची मारामारी, टाल्कम पावडर व दिवाळीतील फटाके अपायकारक होत. रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी आधुनिक औषधे चालू असलेल्या रुग्णाने ताप, कांजिण्या, जुलाब झालेल्या मुलाची शुश्रूषा स्वतः करू नये. बाळाचे लंगोट बदलल्यास हात साबणाने धुवावेत. मात्र मूल बरे होताच सहवास पूर्ववत सुरू करावा, हेही सांगण्यास विसरू नये.

घरातील औषधे : औषधविक्रेत्यांसाठी

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हा आहे, आणि तो औषधविक्रेते व औषध देणारे वैद्य या दोघांच्याही हाती आहे. वृद्ध रुग्णाचे औषध उशाशी, देव्हाऱ्यात किंवा जेवणाच्या टेबलावर असते. आपल्या गोळ्या बहुधा काळ्या-तपकिरी, गोल, आणि मुलांना ठाऊक असलेल्या जिरागोळी-चूर्णगोळीसारख्या दिसतात. आमवातात दिल्या जाणाऱ्या अग्नितुंडी वटीत आणि वातविकारांतील विषतिंदुक वटीत कुचला असतो. कुचला, वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, पारद, हिंगूळ आदी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत, आणि ती असलेल्या कल्पावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सावधसूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. परंतु गोळ्या मोठ्या डब्यातून काढून कागदी पुडीत बांधून दिल्या, की ही सूचना दुकानातच राहते.

तेलांचे भयही कमी नाही. वेदनाहर तेलांत घातले जाणारे गंधपुरा तेल पोटात गेल्यास अत्यंत विषारी आहे. शुद्ध तेलाचा एक चहाचा चमचाही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात. याखेरीज आजोबांच्या आधुनिक औषधांपैकी मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या व सांधेदुखीसाठीची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन एक-दोन गोळ्यांतही लहान मुलास घातक ठरू शकतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास रुग्णालाच धोका आहे.

म्हणून औषधविक्रेत्यांनी पुढील प्रथा पाळाव्यात, अशी आमची विनंती आहे. अनुसूची ई(१) मधील द्रव्य असलेला कल्प पुडीत न देता मूळ वेष्टनात किंवा घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डबीत, नाव व मात्रा लिहून द्यावा. साठीपुढच्या गिऱ्हाइकाला 'घरात लहान मूल आहे काय?' हा प्रश्न रोज विचारावा. औषध कुलपात किंवा मुलाच्या हाती न लागेल इतक्या उंचीवर ठेवावयास सांगावे. मात्र आमवाताच्या रुग्णाला घट्ट झाकण स्वतः उघडता येत नाही, म्हणून ते झाकण सैल किंवा उघडे राहते. अशा वेळी औषध कोण काढून देणार, हे ठरवून घ्यावे. मुलासमोर औषधाला 'चॉकलेट' किंवा 'गोड गोळी' म्हणू नये. आजीची गोळी अर्धी करून नातवाला देण्याची चाल काही घरांत आहे; तिला स्पष्ट शब्दांत मनाई करावी. मुलाने औषध किंवा तेल घेतल्याची शंका आल्यास ओकारी काढण्याच्या प्रयत्नात वेळ न घालविता, डबी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे.

मुलांना काय सांगावे

आजी आज का खेळत नाही, याचे उत्तर मिळाले नाही तर मूल स्वतःच उत्तर तयार करते, आणि ते बहुधा 'माझ्यावर रागावली' किंवा 'माझ्यामुळे दुखले' असे असते. म्हणून घरच्यांनी मुलाला साधे व खरे सांगावे की, आजीचे सांधे सुजतात, ते कोणाच्या दोषाने नव्हे. काही दिवस बरे असतात, काही वाईट. औषध चालू आहे. चार वर्षांच्या मुलाला एवढे समजते. खुणेची एखादी गोष्ट ठरवून ठेवणे सोयीचे पडते. आजीने गुडघ्यावर शाल घेतली की आज गोष्टींचा दिवस, शाल बाजूला ठेवली की बागेचा. वाईट दिवसासाठी एखादा ठरलेला लहान कार्यक्रम असावा, म्हणजे मुलाची निराशा होत नाही आणि आजीलाही आपण नातवाला विन्मुख पाठविले असे वाटत नाही.

सत्त्वावजय चिकित्सेचा उल्लेख आपण भाषणांत पुष्कळ करतो. रुग्णाच्या मनाला अहितकर विषयांपासून आवरणे हा तिचा गाभा आहे, आणि 'मी आता कोणाच्या उपयोगाची नाही' हा याप्य व्याधीच्या रुग्णाला घेरणारा सर्वांत अहितकर विचार होय. रोज ठरलेल्या वेळी येणारा नातू हा विचार जितका दूर ठेवतो, तितका आपला उपदेश ठेवू शकत नाही.

व्यवहारात आरंभ कोठून करावा

वरील सर्व गोष्टी एकाच भेटीत सांगणे शक्य नाही व इष्टही नाही. पहिल्या भेटीत रुग्णपत्रिकेवर तीन नोंदी वाढवाव्यात. घरात नातवंडे कोण व किती वयाची, रुग्ण त्यांना सांभाळतो की केवळ भेटतो, आणि त्यांच्याबरोबर कोणती एक गोष्ट करण्याची त्याची इच्छा आहे. दुसऱ्या भेटीत पंधरा दिवसांची वही पाहून वेळ व मात्रा ठरवावी. तिसऱ्या भेटीस शक्य तर मुलगा, सून किंवा लेक यांना बोलवावे. जी रुग्णा दिवसभर मूल सांभाळते, तिच्या बाबतीत तर कुटुंबाशी हे बोलणे टाळून चालणार नाही. आठ-दहा तासांची जबाबदारी अर्धशक्तीत बसत नाही, आणि हे स्वतःच्या तोंडाने सांगणे आजीला जड जाते. वैद्याने ते तिच्या वतीने सांगावे. दुपारच्या दोन-तीन तासांची पर्यायी व्यवस्था झाली, तरी संध्याकाळचे तिचे दोन तास सुखाचे होतात.

चिकित्सेचे यश मोजताना सूज, ताठरपणा, रक्तपरीक्षणे यांची नोंद आपण करतोच. तिच्या शेजारी, रुग्णाने पहिल्या भेटीत सांगितलेली ती एक इच्छा किती पूर्ण झाली, हेही लिहीत जावे. नातीला मांडीवर घेऊन पंधरा मिनिटे बसता येणे, हे आमवाताच्या रुग्णाच्या दृष्टीने मोठे उपशयलक्षण आहे, आणि आमच्या मते ते रुग्णपत्रिकेत लिहिण्याच्या योग्यतेचे आहे.